क्लोविसच्या पट्ट्यावरची सहा कुलपं

क्लोविस मिशो मेला जानेवारीत आणि पुरला गेला मे महिन्यात. जानेवारीत इथली जमीन अशी गोठते की तिच्यात कुदळ शिरत नाही, म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीच्या कडेला असलेल्या दगडी खोलीत बर्फ वितळायची वाट बघत पडून असतात. यंदा चौघं होती. "क्लोविसला सोबत मिळाली, बरं झालं," असं गावात जो तो म्हणाला, "बाकीच्या तिघांच्या डोळ्याला मात्र चार महिने डोळा लागला नसणार!"

आर्मंड सीरही या विनोदाला सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन त्याने बूट काढले, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, चला, मेपर्यंत मुदत मिळाली. जिवलग मित्र गेल्यावर माणसाच्या मनात असं यावं याची त्याला लाज वाटली. पण आलं ते आलं.

त्याचं असं झालं होतं. जानेवारीत क्लोविससाठी प्रार्थना ठेवली त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं आणि चर्चमध्ये जेमतेम वीस माणसं पोचली. तेव्हाच क्लोविसच्या मुलीने, लिसेटने सांगून टाकलं की जेवण आता पुरायच्या दिवशीच करू, मे महिन्यात, चर्चखालच्या हॉलमध्ये. सगळं गाव येईल, ज्याला पप्पांची जी आठवण असेल ती तो माइकवर सांगेल. "आणि सुरुवात तुम्ही करायची, अंकल आर्मंड. पप्पांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

आर्मंडने मान डोलावली आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं, त्या दिवशी डेल्बर्टचं सांगून टाकायचं.

कारण सांगणारा आता तो एकटाच उरला होता. कागदगिरणीतल्या त्यांच्या सहा जणांच्या टोळीतला डेल्बर्ट हॅफर्ड सत्तावीस वर्षांपूर्वी गेला. दोघांना कॅन्सरने नेलं. एक जण नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात स्वतःच्या मुलीला बायकोच्या नावाने हाक मारत बसलेला असतो. आता क्लोविस गेला. आर्मंडची स्वतःची फुप्फुसं डॉक्टरांनी नुकतीच फोटोत दाखवली होती, आणि दाखवताना डॉक्टर जरा जास्तच गोड बोलत होते. तो गेला की डेल्बर्टचं नाव कायमचं बुडालं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

क्लोविस कसा होता हे न सांगता डेल्बर्टचं सांगता येत नाही.

क्लोविस मेलाच मुळी हार्डवेअरच्या दुकानात, काउंटरवर कोपर टेकून, कुणाच्या तरी फुटलेल्या बॉयलरची हकीकत सांगताना, वाक्याच्या मध्यावर. त्या बॉयलरचं पुढे काय झालं ते अजून कुणाला कळलेलं नाही. बायको होती तेव्हा ती त्याला दूध आणायला पाठवायची आणि स्वतः काळी कॉफी पिऊन मोकळी व्हायची, कारण हा तासाभरात परत आला तर नशीब. ट्रकची काच तो ऐन थंडीतही खाली ठेवी, वाटेत कुणी भेटलं तर बोलायचं राहू नये म्हणून. गावातल्या कुत्र्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. राँग नंबर लागला तर अर्धा तास बोलून, समोरच्याला शनिवारी बीन्स खायला बोलावूनच फोन ठेवायचा, आणि एकदा तर तो माणूस खरंच आला, ऐंशी मैलांवरून. कुणाचं छप्पर गळू दे, कुणाची म्हातारी दवाखान्यात पोचवायची असू दे, क्लोविस हजर. गाव त्याच्यावर जीव टाकत होतं, आणि आर्मंडही.

कागदगिरणीत हे सगळे एकाच टोळीत फिटर होते. कागदाच्या यंत्राखाली एक खोल हौद असतो. वर कागद तुटला की तो त्या हौदात पडतो आणि तळाची पाती त्याचा पुन्हा लगदा करतात. पाती आपोआप सुरू होतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. म्हणून हौदात माणूस उतरायचा असेल तर आधी पात्यांचा स्विच बंद करून त्याच्या दांडीला कुलूप घालायचं. प्रत्येकाचं स्वतःचं लाल कुलूप, त्यावर नावाचा पितळी बिल्ला, किल्ली स्वतःच्या खिशात. पाती, पंप, रूळ, ज्याच्या हाती जे यंत्र त्याचा स्विच वेगळा; सहा माणसं कामावर असतील तर सहा स्विच, सहा कुलपं. आपलं कुलूप आपल्या हाताने लावायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं जायचं आणि महिन्याभरात विसरलं जायचं.

कारण स्विचरूम होती दोन जिने वर, इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. सहा जणांनी कशाला तंगडतोड करायची? क्लोविसला तर त्या वाटेने जायला निमित्तच हवं असायचं. वाटेत कँटीन, वाटेत कागद गुंडाळणारी पोरं, वाटेत प्रयोगशाळेतल्या बाया. "आणा इकडे," म्हणत तो सगळ्यांची कुलपं पट्ट्याच्या आकड्याला अडकवायचा आणि खुळखुळत निघायचा. दहा मिनिटांत लावून यायचा, आणि वर तीन बातम्या आणायचा. अशी अकरा वर्षं गेली. फोरमनला माहीत होतं, फोरमनच्या वरच्यालाही माहीत असावं. कुणी काही बोललं नाही, कारण कधी काही झालं नव्हतं.

जूनच्या त्या दिवशी मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीची सोडत जाहीर झाली होती आणि क्लोविसचं नाव लागलं होतं. इथे हे नाव लागणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. माणसं वीस-वीस वर्षं अर्ज करतात. कँटीनपाशी त्याला घेराव पडला. कुणी पाठीवर थापा मारतोय, कुणी मांसाचा वाटा मागतोय, कुणी बंदूक देऊ करतोय. क्लोविस उभा राहिला. सहा कुलपं त्याच्या पट्ट्याला होती. खाली डेल्बर्ट हौदात उतरला, आणि वर कागद तुटला.

त्या दिवसाचा एक तुकडा आर्मंड स्वतःशीही बोलत नसे. पण बाकीचं सगळं त्याला लख्ख आठवत होतं. क्लोविस धावत आला आणि अवजारांच्या पेटीवर बसला. काहीच बोलेना. क्लोविस बोलत नाही म्हणजे कुलपं लागलीच नाहीत, हे आर्मंडला कळलं. त्याने पुढे होऊन त्याच्या पट्ट्याची कुलपं काढून घेतली. पाच कुलपं एकाच्या हातात देऊन म्हणाला, "पळ, लाव." सहावं डेल्बर्टच्या कपाटात, त्याच्या डब्यामागे ठेवलं. चौकशीला बाहेरून दोन साहेब फायली घेऊन आले, तेव्हा पहिल्यांदा आर्मंडच बोलला, "आम्ही पाचांनी आपापल्या स्विचला लावली होती. त्याने पात्यांच्या स्विचला लावलं नाही. घाईत होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. क्लोविस जमिनीकडे बघत होता. त्याचं बघणं त्या साहेबांनी मान डोलावणं समजून लिहून घेतलं.

क्लोविसला तीन पोरं होती. खरं बाहेर आलं असतं तर तो कदाचित तुरुंगात गेला असता, आणि पाचही जण घरी बसले असते ते वेगळंच. डेल्बर्ट तर गेलाच होता. मेलेल्याचं आणखी काय जाणार, असं आर्मंडने तेव्हा स्वतःला समजावलं होतं. जायचं होतं ते त्याच्या बायकोचं आणि पोराचं.

गिरणीने ते कुलूप काचेच्या पेटीत घालून फाटकाशी टांगलं आणि खाली पाटी लावली, 'हे कुलूप कपाटात राहिलं.' नव्या पोरांना दरवर्षी तिथे उभं करून डेल्बर्ट हॅफर्डची गोष्ट सांगायचे. पुढे डेल्बर्टचा मुलगा ट्रॉय त्याच गिरणीत लागला. इथे दुसरीकडे लागणार तरी कुठे? येता-जाता, रोज दोन वेळा, तो त्या पेटीसमोरून मान खाली घालून जायचा. नऊ वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली तेव्हा कुणा शहाण्याने ती पेटी आठवण म्हणून त्याच्या हातात दिली. त्याने पुलावर जाऊन ती नदीत भिरकावली.

आणि क्लोविस? क्लोविसने त्या वर्षीचा शिकारीचा परवाना परत केला. पहिला बर्फ पडला तेव्हा बर्फ सारायचा नांगर लावलेला ट्रक घेऊन तो पहाटे सर्वांत आधी डेल्बर्टच्या विधवेच्या, व्हर्नाच्या दारात गेला आणि तिची वाट मोकळी करून दिली. असे सत्तावीस हिवाळे. ती कठड्यावर कॉफीचा थर्मास आणि काकवीची बिस्किटं ठेवायची. गावात म्हणायचे, माणूस असावा तर असा.

तर मे महिना आला. आर्मंडला चार महिने मिळाले होते, आणि व्हर्नाचं घर त्याच्या घरापासून सहा दारं सोडून होतं. तो शंभर वेळा तिच्या दारावरून गेला. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच खोडायचं, असं तो स्वतःला सांगत राहिला. ऐकायला हे मोठं बाणेदार वाटतं. खरं तर म्हातारा पाय ओढत होता.

हॉल खच्चून भरला होता. हॅमचे सँडविच, मॅकरोनीचं सॅलड, बीन्सचे डेग, टॉवेलात गुंडाळलेली प्लॉयची गरम धिरडी. सगळ्यांच्या बुटांना दफनभूमीतला चिखल. ट्रॉय मागे कॉफीच्या भांड्यांशी उभा होता. अडतीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, आणि कुणाशी न बोलता भांड्याचं झाकण बसलंय की नाही ते दोन-दोनदा चाचपणारा. व्हर्ना खिडकीजवळच्या टेबलाशी होती.

लिसेटने माइक आर्मंडच्या हातात दिला. "तुम्ही सुरू केलंत की बाकीच्यांची भीड चेपेल, अंकल."

आर्मंड उभा राहिला. वाक्य त्याने पाठ केलं होतं. क्लोविस आपल्या सगळ्यांची कुलपं न्यायचा, हे ते वाक्य. त्याने हॉलभर नजर फिरवली. दीडशे माणसं आधीच हसायच्या तयारीने त्याच्याकडे बघत होती. लिसेट दोन्ही हात हनुवटीखाली घेऊन, लहानपणी बापाच्या गोष्टी ऐकायला बसायची तशी बसली होती.

"अरे, खोपटाची सांग, आर्मंड!" मागून कुणीतरी ओरडलं. "बर्फावरच्या खोपटाची!"

आणि आर्मंडने खोपटाची सांगितली. मार्च महिन्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला क्लोविसने खोपट टाकलं होतं, दोन माणसांपुरतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावता बोलावता त्यात एकोणीस माणसं झाली. खालचा बर्फ करकरायला लागला, पाणी घोट्यापर्यंत आलं, माणसं दाराकडे पळतायत, आणि हा आपला मधोमध उभा राहून विचारतोय, "थांबा, तुमची दोघांची ओळख झाली का?"

हॉल हसून कोसळला. माणसं टेबलं बडवत होती. आर्मंडने माइक पुढच्याला दिला आणि खाली बसला. त्याला स्वतःची किळस आली. सत्तावीस वर्षांत आली नव्हती इतकी.

पाऊण तास माइक फिरत राहिला. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. व्हर्ना होती.

"बाहेर चल जरा. आत गुदमरायला होतंय."

दोघं स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवर आली. बाहेर चिखल, कडेला काळा पडलेला उरलासुरला बर्फ. व्हर्नाने कोटाची बटणं लावली.

"चांगलं सांगितलंस," ती म्हणाली. "मला माइकवर यायला जमत नाही, तुला ठाऊक आहे. आणि माझ्याकडची गोष्ट तिथे सांगण्यासारखीही नाही. पण कुणाला तरी सांगावी असं वाटलं. तू त्याचा दोस्त."

"सांग."

"डेल्बर्ट गेल्यावर आठवा-नववा हिवाळा असेल. वाट साफ करून क्लोविस दारात आला. आत ये म्हटलं तर आत येऊन उभाच. क्लोविस आणि बसत नाही! मला वाटलं, कुणीतरी गेलं. तर म्हणतो, व्हर्ना, डेल्बर्टचं कुलूप माझ्यापाशी होतं. मी गप्पा मारत उभा राहिलो. त्याची चूक नव्हती."

आर्मंडने कठडा धरला.

"रडत होता रे. एवढा मोठा माणूस. मला इतकं भरून आलं! म्हटलं, क्लोविस, भला माणूस आहेस, पण इतकाही भला होऊ नकोस. माझं मन हलकं व्हावं म्हणून माझ्या नवऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोस? पाच जणांनी लिहून दिलंय. आर्मंडने स्वतः सांगितलंय. तर म्हणतो, आर्मंडला विचार."

"असं म्हणाला?"

"आर्मंडला विचार, तो सांगेल. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, गप बस, कॉफी घे. कशाला विचारायचं तुला? तू बिचारा पुन्हा त्या दिवसात शिरणार." तिने नाक पुसलं. "पुन्हा कधी बोलला नाही. पण मी विसरले नाही. असं खोटं बोलायलासुद्धा काळीज लागतं."

हॉलमधून हशा ऐकू आला. आर्मंडच्या डोळ्यांपुढे क्लोविस उभा राहिला. तिच्या दारात, ओल्या बुटांनी, खरं बोलून खोटा ठरलेला. अठरा वर्षं तो वाट बघत होता, व्हर्ना कधीतरी विचारेल आणि आर्मंड सांगेल. एका शब्दाने मोकळा झाला असता. आर्मंड ज्याला वाचवतोय म्हणून इतकी वर्षं छाती काढून होता, त्याच माणसाला त्याने बुडवलं होतं.

"व्हर्ना," तो म्हणाला, "तो खोटं बोलत नव्हता."

ती हसली. "आता तूही सुरू करू नकोस."

"कुलूप मी ठेवलं कपाटात. माझ्या हाताने. डब्यामागे. डेल्बर्टने ते क्लोविसला दिलं होतं, आम्ही सगळ्यांनीच दिलं होतं, रोज द्यायचो. सहाही त्याच्या पट्ट्याला होती. मी काढून घेतली."

व्हर्नाचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

"दिलं होतं त्याने?"

"दिलं होतं."

तिने कोटाचं वरचं बटण पुन्हा काढलं. मग म्हणाली, "दिलं, ठीक. पण क्लोविस परत यायच्या आत हा खाली कशाला उतरला? स्टोव्ह बंद आहे की नाही बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा माणूस होता तो. बाकीचे तुम्ही उतरला नाहीत. हाच का उतरला?"

हाच तो तुकडा. आर्मंडला वाटलं होतं की तेवढा तरी आपल्याबरोबर जाईल.

"त्याने मला विचारलं," तो म्हणाला. "शिडी माझ्या हातात होती. म्हणाला, क्लो आला का रे? मला जेवायच्या सुट्टीआधी काम उरकायचं होतं. मी म्हटलं, आला नाही, पण लावली असतील एव्हाना. उतर."

"विचारलं होतं त्याने."

"हो."

"म्हणजे थांबला होता. विचारलं होतं."

"मी त्याला उतर म्हटलं, व्हर्ना."

ती रडली नाही. पायरीवर बसली, चांगला कोट ओला होत होता तरी. बोलली तेव्हा तिचा आवाज साधाच होता, भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसा.

"सत्तावीस वर्षं मी त्या माणसावर रागावलेय. एक कुलूप लावायला काय झालं होतं तुला, म्हणून. त्याच्या थडग्यावर गेले नाही मी, ठाऊक आहे? आज तिथे होते, क्लोविससाठी, चार हातांवर डेल्बर्टचा दगड, आणि मान वळवली नाही. आणि पोराला... पोराला काय सांगायचे मी? बुटाची नाडी सुटली तरी सांगायचे, बापासारखा निष्काळजी होऊ नकोस. अकरा वर्षांचा होता. रोज सांगायचे, आर्मंड. मी, त्याची आई."

"व्हर्ना, मी—"

"माफी मागू नकोस. माझ्याकडे द्यायला नाहीये." ती कठड्याला धरून उठली. "ट्रॉय आत आहे. माइकही आत आहे."

ती पायऱ्या उतरली आणि गाडीकडे न जाता टेकडीच्या वाटेला लागली, दफनभूमीकडे, चिखलातून, घसरत.

आर्मंड आत आला. लिसेट शेवटचे आभार मानत होती, बाया ताटं गोळा करत होत्या. त्याने हात पुढे केला. तिने हसून माइक दिला.

"आणखी एक!" कुणीतरी ओरडलं. "आर्मंडचं पोट भरलं नाही अजून!"

"क्लोविस आम्हा सहा जणांची कुलपं न्यायचा," आर्मंड म्हणाला, आणि हॉल हसला. नवी गोष्ट सुरू झाली असं त्यांना वाटलं. तो हशा ओसरेपर्यंत थांबला. मग ट्रॉयकडे बघत, मधे कुठेही न थांबता त्याने सगळं सांगितलं. कुलपं, कँटीन, कपाट, साहेबांपुढची थाप. फुप्फुसं साथ देत नव्हती, तरी सांगितलं.

"अंकल आर्मंड, पुरे," लिसेट पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाली. तिने माइक धरला. "आज नको. आज पप्पांचा दिवस आहे. पाया पडते तुमच्या."

"तुझ्या पप्पांनी सांगायचा प्रयत्न केला होता, पोरी. मी केला नाही." त्याने माइक सोडला नाही. "डेल्बर्टने मला विचारलं होतं, क्लोविस आला का म्हणून. मी म्हटलं, उतर. मी उतर म्हटलं म्हणून तो उतरला."

लिसेटने हात काढून घेतला आणि त्याच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. तिचं बालपण आर्मंडच्या मांडीवर गेलं होतं. आता ती पुन्हा कधी आपल्याशी बोलणार नाही, हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं.

मागे ट्रॉयने हातातलं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं. या वेळी झाकण चाचपलं नाही.

"त्यांनी विचारलं होतं?" त्याने तिथूनच विचारलं.

"हो."

"उतरायच्या आधी?"

"आधी. शिडीवर पाय ठेवून थांबला होता."

ट्रॉयचा चेहरा वाकडातिकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि हॉलभर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी त्या पेटीसमोर उभं राहून त्याच्या बापाची गोष्ट ऐकली होती, आणि काहींनी ती सांगितलीही होती.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

गेलं होतं. पण आर्मंडने पुन्हा सांगितलं.